नटावरची लाल रेघ

रविवारी जेवणाआधी कप्तान बोटीत एक खोट घालून ठेवत. खोट म्हणजे फार काही नाही. एखादा फ्यूज काढून खिशात टाकायचा, एखाद्या तारेवरचा नट अर्धा फेरा सैल करायचा, नाहीतर दिव्याच्या होल्डरमध्ये कागदाचा एवढासा कपटा सरकवायचा. मग धक्क्यावरून हाक मारायची, "जावईबापू, मागचा दिवा काही लागत नाही बुवा. बघता का जरा?"

जावई बाह्या सारून बोटीच्या पोटात उतरे. वर धक्क्यावरच्या लाकडी टेबलाशी बाकीचे जेवायला बसत. खोट सापडेपर्यंत जावयाचं ताट वाढायचं नाही असा नियम होता. नियम कप्तानांचा, वाढप त्यांच्या मुलीकडे आणि भूक जावयाची. खाली त्याला चमच्यांचे आवाज ऐकू येत, आणि मधूनमधून सासऱ्यांचं समालोचन. "आता बॅटरी बघतोय. दिवा मागचा, आणि हा पुढे बघतोय. गुडघा दुखतो म्हणून गेलं तर डॉक्टर टोपी काढायला लावेल का हो?" पाहुणे हसत. मुलगीही हसे. लग्न नवीन होतं तेव्हा बापाची बाजू घ्यावी की नवऱ्याची ते कळत नव्हतं म्हणून, आणि पुढे सवय झाली म्हणून.

कप्तान हे काही कप्तान नव्हते. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. माणसांना वर नेलं, खाली आणलं, आडवं कुठे नेलं नाही. ही पदवी त्यांना दिली धक्क्याच्या रखवालदाराने. त्या रखवालदाराला सगळे लंगर म्हणत, कारण तो एकदा खुर्चीत पडला की जागचा हलत नसे. दोघेही आपापल्या नावावर खूश होते.

जावयाचं चष्म्यांचं दुकान होतं. डोळ्याला धड दिसणार नाही असा स्क्रू तो चिमट्याने उचलून काडीच्या भोकात अलगद बसवी. पण दुकानात मागे उभं राहून कोणी टोमणे मारत नसे. बोटीत सासऱ्यांची नजर मानेवर पडली की त्याच्या हातून पाना सुटायचा, आणि बोटीत सुटलेला पाना नेमका जिथे हात पोचत नाही तिथेच जाऊन बसतो. "आमच्या जावईबापूंचे हात म्हणजे हातमोजे," कप्तान म्हणत. "आत कोणी नाही."

हे जावयाने वर्षानुवर्षं ऐकून घेतलं. ऐकून घेणारा माणूस विसरतो असं ऐकवणाऱ्याला नेहमीच वाटतं. जावई विसरत नव्हता. कोणत्या रविवारी कोण पाहुणे होते, कोण जास्त हसलं, बायकोने हसताना तोंडावर हात घेतला होता की नाही, सगळं त्याच्यापाशी जमा होतं. खर्ची कुठे टाकायचं, एवढंच ठरायचं होतं.

ती वेळ आणली कप्तानांच्याच एका चुकीने.

बोट जुनी होती, चोवीस फुटी, पेट्रोल इंजिनाची. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती उडून जात नाही, बोटीच्या पोटात साचून राहते. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी पोटातला पंखा लावायचा, बाहेरच्या जाळीवर तळहात धरून वारा येतोय ना ते बघायचं, आणि मगच किल्ली फिरवायची. नाहीतर एक ठिणगी पुरते. हे कप्तानांनी धक्क्यावरच्या प्रत्येकाला शिकवलं होतं, न विचारता शिकवलं होतं. आणि मागच्या हंगामाच्या अखेरच्या फेरीत, लंगराशी गप्पा मारता मारता, त्यांनी स्वतःच पंखा न लावता किल्ली फिरवली.

काही झालं नाही. इंजिन खोकलं आणि सुरू झालं. पण मुलगी त्या वेळी इंजिनाच्या झाकणावर बसली होती. तिच्या लक्षात आलं तेव्हा ती उठली, धक्क्यावर उतरली आणि त्या दिवशी परत चढली नाही.

"बाबा, बोट विकू या," ती घरी आल्यावर म्हणाली.

"एकदा चुकलो मी. आजवर एकदा."

"बोटीत एकदाच पुरतं. हे तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

कप्तानांनी खिशातली किल्ली चाचपली. बायको गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस मुलीने आखून दिलेला होता: औषध कधी, डॉक्टर कधी, फिरायला कुठल्या बाजूला. त्यातली सकाळ तेवढी त्यांची स्वतःची होती. सकाळी ते एकटे बोट सोडत, खाडीच्या तोंडापर्यंत जात, इंजिन बंद करत आणि पाण्यावर बसून राहत. तिथे त्यांना कोणी काही विचारत नसे. ती सकाळ गेली की उरलेला माणूस म्हणजे मुलीने सांभाळायचं एक सामान, हे त्यांना लख्ख कळत होतं.

म्हणून त्यांनी स्वतःच अट घातली. बोटीची सगळी वायरिंग जुनी झाली आहे, ती काढून हिवाळ्यात नवी घालतो. हंगामाच्या पहिल्या फेरीला तुम्ही दोघं चला. एक जरी बिघाड निघाला तर किल्ली तुझी, आणि मी पुन्हा मागणार नाही. नाही निघाला तर या विषयावर तू पुन्हा तोंड उघडायचं नाही.

"आणि मदतीला?" मुलीने विचारलं.

"आहेत की आपले हातमोजे," कप्तान म्हणाले.

बोट पाण्याबाहेर काढून धक्क्यामागच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवली. पहिला महिना नुसत्या जुन्या तारा ओढून काढण्यात गेला. कप्तानांच्या आधी या बोटीचे तीन मालक झाले होते, आणि प्रत्येकाने नवी तार घातली होती, जुनी कोणीच काढली नव्हती. घराच्या पंख्याची तार, गाडीच्या हॉर्नची तार, एके ठिकाणी तर चक्क टेपरेकॉर्डरची. खाऱ्या हवेने तांबं आतून हिरवं पडलेलं. वाकवली की तार बिस्किटासारखी तुटे. कप्तानांनी नवी तार आणली, प्रत्येक तंतूला कल्हई केलेली. बॅटरीपासून फ्यूजच्या पट्टीपर्यंत, तिथून दिवे, पंप, पंखा, हॉर्न, आणि परतीच्या सगळ्या तारा एका पितळी पट्टीवर. प्रत्येक तारेच्या टोकाला तांब्याचं कडं दाबून बसवायचं, ते पट्टीवरच्या आटे पाडलेल्या खिळ्यात अडकवायचं आणि वरून नट आवळायचा.

काम सुंदर चाललं होतं. तेवढ्यापुरतं खरं सांगायचं तर कप्तानांची बोटं अजून तरुण होती. त्यांच्या तारा एका शिस्तीत वळत, कोपऱ्यावर सारख्या अंतराने बांधलेल्या, शाळेच्या रांगेसारख्या. आणि तरी रविवारचा खेळ चालूच होता. टेबल आता शेडमध्ये मांडलं जाई, इतकाच फरक.

एका रविवारी नाक्यावरचे दोन स्नेही जेवायला होते. जावयाला खोट सापडायला इतका वेळ लागला की जेवण आटोपून गेलं. तो बोटीतून खाली उतरला तेव्हा सासऱ्यांनी त्याच्यापुढे झाकलेलं ताट सरकवलं आणि झाकण उचलून दाखवलं. ताट रिकामं होतं. "ही आजची दुसरी खोट," कप्तान म्हणाले, "शोधा बघू." स्नेही खोकेपर्यंत हसले. मुलगी आतून भांडं घेऊन आली आणि तिने त्याला वाढलं, पण तीही हसतच आली होती.

त्या आठवड्यात जावई दुकान बंद करून शेडवर गेला. लंगराने विचारलं तर म्हणाला, विसरलेला पाना न्यायला आलोय. आत जाऊन त्याने हॉर्नच्या तारेवरचा नट सैल केला. डोक्यात फार काही नव्हतं. या रविवारी टेबलावरून आपण म्हणावं, बाबा, हॉर्न वाजत नाही वाटतं, बघता का जरा? एवढीच हौस.

पण रविवारपर्यंत थांबावंच लागलं नाही. शनिवारी दोघं काम करत असताना कप्तानांनी सहज हॉर्नचं बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. खाली वाकून त्यांनी तारेवरून बोट फिरवलं, नटापाशी थांबले, चिमटीत धरला. नट फिरला.

जावई पाठमोरा उभा होता. आता विचारतील, मग सांगू, अशी त्याने वाक्यं जुळवून ठेवली होती. पण कोणी विचारलं नाही. त्याने वळून पाहिलं. कप्तान त्या नटाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्याने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. मग ते हसले, नेहमीपेक्षा मोठ्याने.

"सापडली नाही ना तुम्हाला?" ते म्हणाले. "तुमच्यासाठी ठेवली होती उद्याची. म्हटलं बघू, आधी लक्ष जातं का. नाही गेलं."

जावई म्हणाला, "नाही गेलं, बाबा."

आणि ते म्हणता म्हणताच त्याला सगळं उमजलं. इतकी वर्षं हा माणूस एकेक खोट घालत आला. किती घातल्या, कुठे घातल्या, त्यालाही ठाऊक नाही. आता बोटीत कुठेही काही सैल निघालं, तर आपणच सैल करून विसरलो की काय, असंच याला वाटणार. आणि हा ते कबूल करण्याऐवजी हसून स्वतःच्याच नावावर चढवून घेणार. दुसऱ्याच्या हाताची शंकाही याला येणार नाही, कारण दुसऱ्याला हात आहेत हेच याला मान्य नाही.

जावयाने पाना जागेवर ठेवला. त्याला भूक लागली होती आणि फार बरं वाटत होतं.

त्यानंतर तो आठवड्यातून एकदा तरी शेडवर जाऊ लागला. फार करत नसे. एकदा डोलकाठीच्या दिव्याचा फ्यूज कमी ताकदीचा घातला. एकदा पंपाच्या आणि केबिनच्या दिव्याच्या तारांवरच्या नावाच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. एकदा कप्तानांचा टेस्टर त्यांच्या पेटीतून काढून इंजिनाच्या कप्प्यात ठेवला. कप्तानांना ते एकेक सापडत गेलं, आणि प्रत्येक वेळी ते हसत गेले. मग हसणं कमी झालं. रविवारचा खेळ त्यांनी एकदा टाळला, पुन्हा टाळला, आणि मग त्याचं नावच निघेना.

"आता खोट नाही का घालत, बाबा?" जावयाने एका रविवारी टेबलावर विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"काम पुढे न्यायचंय," कप्तान म्हणाले. "पोरखेळ किती दिवस चालवायचा?"

त्यांनी समोरच्या ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. मुलीने ते पाहिलं आणि तिला वाटलं, बाबा सुधारले.

मग कप्तानांनी एक उपाय काढला. लिफ्टच्या कामात ते करत असत तसा. नट पुरता आवळला की नटापासून खालच्या पट्टीपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मुलीकडे एकावर एक फुकट मिळालेली लाल नेलपॉलिशची जोडी होती. त्यातली एक बाटली त्यांनी मागून घेतली.

"कोणासाठी हो?" तिने चिडवलं.

"आहे एक म्हातारी, चोवीस फुटी," ते म्हणाले. खूप दिवसांनी त्यांना विनोद सुचला होता.

त्यांनी एकूण एक नट पुन्हा आवळला आणि प्रत्येकावर रेघ ओढली. दोन दिवस ते त्या कामात होते. शेवटी फ्यूजच्या पट्टीसमोर ते उकिडवे बसले आणि नुसते बघत राहिले. बारीक, सरळ, सारख्या जाडीच्या लाल रेघा. आता विसरण्याचा प्रश्नच नव्हता. आपण विसरलो तरी रेघ विसरणार नव्हती.

"तुमचे जावई परवाही येऊन गेले," जाता जाता लंगर त्यांना म्हणाला. "दुकान सोडून इथेच दिसतात हल्ली."

कप्तान थांबले. लंगराला वाटलं, आता काहीतरी खोचक ऐकायला मिळेल.

"लागली त्याला गोडी," कप्तान म्हणाले. "मी उगाच बोलत होतो त्याला."

आणि ते खुशीत घरी गेले.

पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी बोट पाण्यात उतरवली. त्या दिवशी दुपारी जावई घरातून निघाला तेव्हा त्याच्या खिशात जोडीतली दुसरी बाटली होती. पंख्याच्या परतीच्या तारेवरचा नट त्याने सैल केला, तारेचं कडं खिळ्यावरून किंचित उचललं आणि खाली सेलोटेपचा एक तुकडा सरकवला, म्हणजे तांबं पितळेला टेकणार नाही. नट परत जागेवर आणला, पण आवळला नाही. तुटलेली रेघ त्याने कापसाने पुसली आणि श्वास रोखून नवी ओढली. तीच जाडी, तोच कोन. मागे कोणी नव्हतं, त्यामुळे हात दगडासारखा स्थिर होता. दुकानात गिऱ्हाइकाला आरसा दाखवण्याआधी तो चष्मा जसा लांब धरून बघे, तसं त्याने मान तिरकी करून ते बघितलं. नटावर रेघ होती, ती अखंड होती आणि नट सैल होता.

पंखाच का, याचाही त्याने विचार केलेला होता. कप्तान जाळीवर हात धरल्याशिवाय किल्ली फिरवणार नाहीत. त्या एका चुकीनंतर तर मुळीच नाहीत. म्हणजे धोका कोणाला नाही. आणि सगळ्या वायरिंगमध्ये पंखाच बंद निघाला, तर बायकोला दुसरं काही सांगावं लागणार नाही. माणसाला मारायचं नाही, नुसतं संपवायचं, याला बऱ्यापैकी बारीक काम लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी न्हाणीघरात गेली तेव्हा तिला पॉलिश काढायच्या औषधाचा वास आला. जावई बेसिनपाशी अंगठा घासत होता.

"काय लागलंय?"

"काही नाही. दुकानातला रंग."

ती टॉवेल घेऊन बाहेर आली. आपण महिनाभरात नखं रंगवलेली नाहीत, हे तिला आठवलं, आणि ते तिथेच राहिलं.

धक्क्यावर कप्तान लवकरच येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. लंगर खुर्चीसकट जवळ सरकला होता, म्हणजे प्रसंग मोठा होता. कप्तानांनी एकेक बटण दाबून दाखवलं. डोलकाठीचा दिवा, मागचा दिवा, केबिन, पंप, हॉर्न. हॉर्न इतका दणदणीत वाजला की लंगराने कानावर हात ठेवले. "नवऱ्यामुलाची वरात निघालीय वाटतं," तो म्हणाला. मुलगी हसली. तिला खरोखर बरं वाटत होतं, आणि थोडं वाईटही, कारण मग किल्ली तिला मिळणार नव्हती.

"आता पंखा," कप्तान म्हणाले, आणि तिच्याकडे बघून त्यांनी बटण दाबलं. बटणातला छोटा दिवा लागला. त्यांनी जाळीवर तळहात धरला.

तळहात तसाच राहिला. त्यांनी तो उचलला, शर्टाला पुसला आणि पुन्हा धरला. वारा नव्हता.

"लागेल," ते म्हणाले.

त्यांनी झाकण उचललं आणि आत वाकले. मुलगी त्यांच्या खांद्याशी येऊन उभी राहिली. त्यांनी टॉर्च पट्टीवर धरला. लाल रेघा ओळीने चमकल्या. एकही तुटलेली नव्हती. त्यांनी एकेका नटाला बोट लावलं, आणि पंख्याच्या नटाला लावलं तेव्हा तो हलला. कडं वर आलं. खालून सेलोटेपचा तुकडा त्यांच्या नखाला चिकटून आला. तारांचे गठ्ठे बांधताना ते हाच सेलोटेप वापरत, तो त्यांच्याच पेटीत असे.

ते हलले नाहीत. मुलीला त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांचं मन कुठून कुठे चाललंय ते तिला त्या मानेवरच दिसत होतं: रेघ अखंड आहे, म्हणजे रेघ ओढल्यावर नटाला कोणी हात लावलेला नाही. म्हणजे मीच सैल नटावर रेघ ओढली. म्हणजे मी समोर बघत होतो आणि मला दिसत नव्हतं.

मुलीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तो धक्क्याच्या खांबाला टेकून उभा होता आणि त्याने उजव्या हाताचा अंगठा मुठीत झाकून घेतला होता. न्हाणीघरातला वास तिच्या नाकात पुन्हा भरला.

एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर होतंही. पण त्या वाक्यानंतर काय काय होईल तेही तिला तितकंच दिसलं: बाप रोज सकाळी एकटा पाण्यावर, आणि आपण रोज सकाळी फोन हातात घेऊन खिडकीशी. शिवाय नवरा. शिवाय रविवार. तिने मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडल्या, आणि ती काही फार वेळ घेणारी बाई नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "राहू दे आता," आणि तिने हात पुढे केला.

कप्तानांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. भांडले नाहीत. लंगराने आपली खुर्ची मागे सरकवली.

तिला वाटलं होतं, हट्टी माणूस आहे, चार दिवस अबोला धरेल, मग टीव्हीपुढे बसेल. पण कप्तानांनी फक्त बोट सोडली नाही. जो माणूस समोरचा सैल नट घट्ट समजून रंगवतो, त्याच्या हातात आणखी काय काय सैल सुटत असेल, असा त्यांनी सरळ हिशेब केला. यंत्रावर काम केलेला माणूस. त्याला असाच हिशेब येतो. ते जिना उतरून अर्ध्या वाटेवरून कुलूप बघायला परत येऊ लागले. नळ बंद केल्यावर नळापाशी उभे राहू लागले. गॅसपाशी तर ते जाईनात. चहासाठी मुलीला फोन करू लागले, की तू येशील तेव्हाच करू. औषधं घेतली की नाही याची खात्री नसल्याने घेणंच थांबवलं. दाढी करताना एकदा आरशातून तिला म्हणाले, "वस्तरा तू घरी घेऊन जा. उगाच नको."

उन्हाळ्याच्या मध्यावर तिने हात टेकले. ज्या माणसाची तिला सकाळचा एक तास काळजी होती, त्याची आता दिवसभर करावी लागत होती.

"तू जाऊन सांग त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय सांगू?"

"मला विचारतोस? अंगठ्याला काय लागलं होतं ते सांग."

जावयाने हातातल्या चष्म्याची काच पुसून उजेडाकडे धरली. "तुला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग आपण दोघं जाऊ."

कप्तान त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, हात मांडीवर, जणू टेबलाला हात लावायचीही त्यांना परवानगी नव्हती. जावयाने सगळं सांगितलं. हॉर्न, फ्यूज, चिठ्ठ्या, टेस्टर, पंखा. त्याने काही लपवलं नाही आणि स्वतःची बाजूही मांडली नाही.  कप्तानांनी मुलीकडे पाहिलं.

"हे तू सांगितलंस त्याला बोलायला."

"नाही बाबा. खरं आहे ते."

"रेघ अखंड होती, पोरी. मी डोळ्यांनी पाहिली."

"मी पुसून पुन्हा ओढली होती," जावई म्हणाला.

कप्तानांना हसू आलं. कितीतरी आठवड्यांनी आलं. "तुम्ही? अहो, तुम्हाला पाना धरता येत नाही. ती रेघ माझ्या हातची होती. तेवढी सफाई तुमच्या हातात असती तर मी तुम्हाला कशाला बोललो असतो इतकी वर्षं?"

जावयाचे कान तापले. इतकं कबूल केलं, आणि त्यालाही हातमोजेच. त्याने कपाटाच्या खणातून एक जुनी पितळी पट्टी आणि पाना शोधून काढला, बायकोच्या पर्समधून लाल बाटली घेतली. "बघा," तो म्हणाला. पट्टीवरचा नट त्याने बेताचा सैल ठेवला आणि ब्रश बाहेर काढला. कप्तान त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. ती नजर मानेवर पडली. हात कापला. रंगाचा एक ओघळ नटावरून टेबलावर आला.

"असू दे रे," कप्तान म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी त्याला अरे-तुरे केलं होतं. "मला बरं वाटावं म्हणून एवढं स्वतःवर घेतलंस. पोटच्या पोराने केलं नसतं. मी फार वाईट वागलो तुझ्याशी."

"पुन्हा करून दाखव," मुलगी म्हणाली.

जावयाने नट पुसला. खांद्यावरचा हात तसाच होता, जड आणि कोमट. त्याने ब्रश बाटलीच्या कडेला निथळला आणि टोक नटापाशी आणलं. मुलगी त्याची बोटं बघत होती. दुकानात ती हजारदा बघत आली होती. बोटं आता कापत नव्हती, अजिबात नाही. ब्रश क्षणभर तसाच स्थिर राहिला. मग जावयाने मनगट सावकाश वळवलं आणि एक जाड, वाकडा फराटा ओढला.

"नाही जमत," तो म्हणाला.

"राहू दे म्हटलं ना मी." कप्तानांनी फडक्याने नट पुसून दिला. मग ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे बघू लागले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "मगाशी हिने चहा केला. गॅस बंद आहे का बघतोस जरा? मला खात्री नाही."

जावई उठून शेगडीपाशी गेला. दोन्ही बटणं बंद होती. मुलीने ती स्वतः बंद केली होती, आणि त्यानेही ते पाहिलं होतं. त्याने एका बटणावर हात ठेवला आणि टेबलाकडे वळून पाहिलं.

"थोडा राहिला होता, बाबा," तो म्हणाला. "केला मी बंद."

"बघ," कप्तान मुलीला म्हणाले.